नाशिकची पांढरी वाइन : थंड प्रदेशाची की थंड हंगामाची?

हैदराबादच्या मुसी नदीवरील नया पूल ओलांडून उत्तरेकडे आले की अफझलगंज लागते. पाचवे निजाम अफझल-उद-दौला (कारकीर्द १८५७ ते १८६९) यांनी धान्याच्या व्यापाऱ्यांना दिलेल्या जागेवर ही पेठ वसली आणि त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. उस्मानिया रुग्णालय आणि पूर्वी आसफिया या नावाने प्रसिद्ध असलेले राज्य मध्यवर्ती ग्रंथालय याच भागात आहे. वाइनशी या पेठेचा थेट संबंध काही नाही. मात्र ज्या शहराची ही पेठ, त्या शहराने दख्खनला एक नामांकित द्राक्ष दिले. ते द्राक्ष वाइनसाठी पुढे का आले नाही, हे समजले की नाशिकची पांढरी वाइन पिताना जिभेला नेमके काय जाणवते, याचा उलगडा होण्यास मदत होते.

ते द्राक्ष म्हणजे अनाब-ए-शाही. अरबी-फारसी वळणाच्या या नावाचा अर्थ ‘राजेशाही द्राक्ष’. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे वाण हैदराबादेत आणल्याबद्दल अब्दुल बाकर खान यांचे नाव घेतले जाते. मोठे, लांबट, पिकल्यावर पिवळसर हिरवे किंवा मधाळ दिसणारे बियांचे मणी, पातळ साल, भरपूर रस आणि वेलीला लागणारे घसघशीत घड, या गुणांमुळे हे वाण हैदराबादच्या आसपासच्या मळ्यांतून दक्षिण भारतात पसरले. थॉमसन सीडलेस आणि तिच्या बिनबियांच्या बहिणींनी बाजार व्यापण्यापूर्वी दख्खनमधल्या अनेक घरांत द्राक्ष म्हटले की हेच डोळ्यांसमोर येत असे.

खाण्याच्या द्राक्षाचे हे सगळे गुण वाइनच्या दृष्टीने मात्र उणिवा ठरतात. मोठ्या मण्यात रसाच्या मानाने साल कमी, आणि सुगंध देणारी द्रव्ये तर मुख्यतः सालीत व सालीलगतच्या गरात असतात. वेलीवर घड जितके जास्त, तितकी प्रत्येक मण्याच्या वाट्याला येणारी चव पातळ. शिवाय साखर कमी. द्राक्षाच्या रसातील विद्राव्य घटकांचे, म्हणजे प्रामुख्याने साखरेचे, प्रमाण ब्रिक्स या मापाने मोजतात. अनाब-ए-शाही साधारण १४ ते १६ ब्रिक्सला तोडले जाते. १५ ब्रिक्सचा रस पूर्ण आंबवला तर जेमतेम ८ टक्के मद्यार्क मिळतो. साडेबारा टक्क्यांच्या वाइनसाठी सुमारे २२ ब्रिक्स लागतात. म्हणजे वाण चुकीचे होते, हे पहिले कारण. दुसरे कारण हवेत आहे आणि ते अधिक लक्षवेधी आहे.

हैदराबाद समुद्रसपाटीपासून सुमारे ५४० मीटर उंचीवर आहे. नाशिक त्याहून थोडेसेच उंच, ६०० मीटरच्या आतबाहेर. जानेवारीत दुपारचे सरासरी तापमान दोन्ही शहरांत २८-२९ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. फरक पडतो तो सूर्य मावळल्यावर. हैदराबादेत जानेवारीतील सरासरी किमान तापमान सुमारे १५ अंश असते, तर नाशकात ते १० अंशांच्या जवळपास उतरते. निफाडसारख्या सखल भागात थंड हवा साचून राहते आणि पारा काही हिवाळ्यांत ५ अंशांच्याही खाली जातो. उत्तरेकडून येणारे कोरडे वारे, निरभ्र आकाश आणि अक्षांशातील अडीच अंशांचा फरक, यांचा हा एकत्रित परिणाम. पांढऱ्या वाइनची प्रत ठरवण्यात या पाच अंशांचा वाटा मोठा आहे.

रात्र थंड असल्याने काय होते?

द्राक्षात मुख्यतः दोन आम्ले असतात. एक टार्टारिक, जे आपल्या चिंचेतही असते; दुसरे मॅलिक, जे हिरव्या सफरचंदाला त्याचा करकरीत आंबटपणा देते. मणी पिकू लागला की वेल श्वसनासाठी मॅलिक आम्ल वापरू लागते. उष्णतेत हे श्वसन वेगाने होते, थंडीत मंदावते. दिवसा ऊन असल्याने पानांत साखर तयार होते आणि रात्री गारठा असल्याने आम्ल जळून जात नाही, अशी स्थिती मिळाली तर गोडवा आणि आंबटपणा दोन्ही हातात हात घालून टिकतात. रात्रही उबदार राहिली तर साखर चढते पण आम्ल गळते. त्या रसाची वाइन जिभेवर सपाट, जड आणि कंटाळवाणी लागते. तांबड्या वाइनला तुरटपणाचा आधार असतो. पांढऱ्या वाइनमध्ये द्राक्ष दाबून लगेच साल वेगळी काढतात, त्यामुळे तुरटपणा जवळजवळ नसतो आणि सगळी मदार आम्लावर राहते. म्हणूनच जगात नावाजलेल्या पुष्कळ पांढऱ्या वाइन थंड मुलखांतून येतात.

परंतु नाशिक हा थंड मुलूख आहे का? वाइनच्या जगात ‘थंड हवामान’ या शब्दाला बऱ्यापैकी नेमका अर्थ आहे. वेलीच्या वाढीच्या काळातील सरासरी तापमान १३ ते १५ अंश सेल्सिअस असेल तर तो प्रदेश थंड समजला जातो. नाशकात ऑक्टोबर ते मार्च या काळातले सरासरी तापमान विसाच्या वर भरते. या मोजपट्टीवर नाशिक उष्ण प्रदेशांत बसते आणि बाटलीवर किंवा जाहिरातीत काहीही लिहिले असले तरी ते लपवण्यात अर्थ नाही.

नाशिकची खरी किमया आहे ती पंचांग उलटे करण्यात. युरोपात वेल हिवाळ्यात झोपते, वसंतात फुटते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात द्राक्षे उतरतात. दख्खनमध्ये वेलीला झोप येईल इतकी थंडी पडतच नाही. तिला मोकळे सोडले तर ती वर्षभर वाढत राहील आणि पावसाळ्यात रोगांना बळी पडेल. म्हणून येथील बागाईतदार वर्षातून दोनदा छाटणी करतो. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते. तिच्यातून नवी काडी तयार होते आणि तिच्या डोळ्यांत पुढच्या घडांची गर्भधारणा होते. पाऊस ओसरल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरात फळछाटणी, जिला अनेक गावांत गोडी छाटणी म्हणतात. तिच्यानंतर घड फुटतात, भर थंडीत वाढतात आणि जानेवारी ते मार्चमध्ये तोडले जातात. थोडक्यात, प्रदेश उष्ण असला तरी वेलीचे फळ धरण्याचे दिवस शेतकऱ्याने वर्षातल्या सर्वांत थंड आणि कोरड्या काळात नेऊन बसवले आहेत. बाटलीत येते ती त्या हंगामाची थंडी.

ही पद्धत वाइनवाल्यांनी शोधलेली नाही, हे येथे सांगायला हवे. खाण्याच्या द्राक्षांसाठी नाशिक, सांगली, सोलापूरचे बागाईतदार कित्येक वर्षे हेच करत आले होते. वाइन उद्योगाला ती विद्या तयार मिळाली. त्याला वाण बदलायचे होते आणि पीक कमी घ्यायला शेतकऱ्याला राजी करायचे होते. दुसरे काम पहिल्यापेक्षा अवघड होते.

वाण बदलण्याचा निर्णायक प्रयोग १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात गंगापूर परिसरात झाला. अमेरिकेतून परतलेले अभियंता राजीव सामंत यांनी कॅलिफोर्नियातील वाइनतज्ज्ञ केरी डॅम्स्की यांच्या सल्ल्याने सॉव्हिन्यॉ ब्लां आणि शेनिन ब्लां ही दोन फ्रेंच पांढरी वाणे तेथे लावली. त्यांच्या ‘सुला’ची पहिली वाइन २००० साली बाजारात आली. त्याआधी पुणे जिल्ह्यातील नारायणगावजवळ श्यामराव चौगुले यांच्या ‘इंडाज’ने १९८० च्या दशकात फ्रेंच सल्लागारांच्या मदतीने फेसाळती वाइन काढून ती निर्यातही केली होती, आणि कर्नाटकात कंवल ग्रोव्हर यांनी नंदी डोंगराच्या पायथ्याशी, सुमारे ९०० मीटर उंचीवर, वेली लावल्या होत्या. ग्रोव्हर यांनी गारवा उंचीत शोधला. सामंत यांनी तो हिवाळ्याच्या रात्रीत शोधला. २००१ साली महाराष्ट्र शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केल्यावर दिंडोरी, निफाड, इगतपुरी भागांत वायनऱ्या वाढत गेल्या. पुढे ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकनही मिळाले.

भारतातील खऱ्याखुऱ्या थंड मुलखातही वाइन झाली होती, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काश्मीर दरबाराने फ्रान्समधून वेली मागवून श्रीनगरजवळ दल सरोवराच्या काठी मळे केले आणि तांबडी व पांढरी वाइन काढली. १८९० च्या सुमारास फायलोक्झेरा या मुळे खाणाऱ्या किडीने त्या वेलींना गाठले आणि तो उद्योग पुढे नावारूपाला आला नाही.

पेल्यात काय शोधावे?

गोव्यातील वाचकाला वाइन नवी नाही. पण येथील घरगुती ओळख आहे ती प्रामुख्याने गोड, गडद ‘पोर्ट’शी. ती बहुतांशी बेंगळुरू ब्लू या द्राक्षाची, साखर भरपूर ठेवलेली. त्या चवीला सरावलेल्या जिभेला कोरडी पांढरी वाइन पहिल्या घोटाला आंबट आणि ‘काहीतरी राहून गेलेली’ वाटते. तिचे मोल त्या आंबटपणातच आहे, म्हणून पहिल्या घोटावर निकाल देऊ नये.

आधी थंडाव्याचा हिशेब. घरगुती शीतकपाटातून काढलेली बाटली ४-५ अंशांवर असते. इतक्या गार वाइनला वास येत नाही आणि तिचे दोषही झाकले जातात. आठ ते दहा अंश योग्य. बाटली बाहेर काढून दहा-पंधरा मिनिटे थांबले की पुरते. गोव्याच्या मे महिन्यात त्याहून कमी. पेला तोंडाशी निमुळता असावा आणि एक तृतीयांशाहून अधिक भरू नये, कारण उरलेली जागा वासासाठी असते. रंग फिकट, किंचित हिरवट झाक असलेला असेल तर वाइन ताजी. गडद सोनेरी किंवा तपकिरीकडे झुकलेला रंग, मार लागलेल्या सफरचंदाचा किंवा शिजवलेल्या फळाचा वास, बुचाची बाटली असल्यास वर सरकलेले बूच, ही उन्हात किंवा गरम गोदामात राहिल्याची लक्षणे. किनाऱ्यावरील दुकानांत हे होऊ शकते, तेव्हा खिडकीतल्या उन्हात मांडलेली बाटली उचलू नये.

नाशिकच्या सॉव्हिन्यॉ ब्लांमध्ये नाकाला दोन प्रकारचे वास शोधावेत. एक हिरवा : कापलेली ढोबळी मिरची, गवत, कोवळी पाने. हा वास पायराझिन नावाच्या द्रव्यांमुळे येतो. ती कच्च्या मण्यात जास्त असतात आणि ऊन व पिकणे यांनी कमी होत जातात. दुसरा फळाचा : पिकू लागलेला पेरू, कृष्णकमळाचे फळ, लिंबाची साल. हे वास गंधकयुक्त सूक्ष्म द्रव्यांचे, आणि आंबण्याच्या क्रियेत ते मोकळे होतात. थंड प्रदेशाच्या वाइनमध्ये दोन्ही धारदार असतात. नाशिकच्या चांगल्या बाटलीत हिरवा वास स्पष्ट असतो, पेरूचा त्याच्या मागे येतो, आणि दोन्हींच्या कडा काहीशा गोलसर असतात. फक्त ढोबळी मिरचीच येत असेल तर द्राक्षे घाईने, कच्ची तोडली असावीत. केवळ पिकलेल्या केळीसारखा वास येत असेल तर तो आंबवण्याच्या प्रक्रियेचा असतो, द्राक्षाच्या वाणाबद्दल किंवा जमिनीबद्दल तो काहीही सांगत नाही.

मग घोट. तो तोंडात फिरवावा, गिळावा आणि थांबावे. खरे आम्ल जिभेच्या कडांना पाणी सोडते आणि ते पाणी काही क्षण येत राहते. येथे एक बारकावा ध्यानात ठेवण्याजोगा आहे. उष्ण प्रदेशांत रसाचे आम्ल कमी पडले तर वरून टार्टारिक आम्ल घालण्याची पद्धत जगभर आहे; ती नियमबाह्य नाही आणि बेताने केली तर कळतही नाही. जास्त झाली की आंबटपणा फळापासून सुटा पडतो : आधी फळ, मग एक टोचणारी रेघ, आणि मग काहीच नाही. द्राक्षात मुळातच टिकलेले आम्ल फळाबरोबर सुरू होते आणि त्याच्याबरोबरच विरते. सोलकढीत कोकमाचे आगळ नारळाच्या रसात मुरलेले असणे आणि आयत्या वेळी वरून घातलेले असणे, यातील फरक ज्याला कळतो, त्याला हाही कळेल.

शेवटी घशाची ऊब. बारा-साडेबारा टक्के मद्यार्काची वाइन घशाला भाजत नाही. भाजत असेल तर द्राक्षे जास्त पिकली होती किंवा चव इतकी पातळ आहे की मद्यार्क झाकायला काही उरलेले नाही.

शेनिन ब्लां हे वाण मुळचे फ्रान्समधील ल्वार खोऱ्याचे, आणि नाशिकच्या मातीत ते सॉव्हिन्यॉहून अधिक रुळले आहे, असे म्हणायला जागा आहे. त्याचे आम्ल मुळातच चिवट, उष्णतेतही सहज न सोडणारे. अनेक वायनऱ्या त्यात थोडी साखर मुद्दाम ठेवतात. पोर्टकडून कोरड्या वाइनकडे येऊ पाहणाऱ्यांना तो उत्तम पूल आहे. मात्र साखर आंबटपणा झाकते, त्यामुळे गोडसर शेनिन चाखून त्या वर्षीच्या हंगामाबद्दल मत बनवणे कठीण. त्यासाठी कोरडी बाटलीच हवी.

खरा थंड प्रदेश कसा लागतो, हे ताडून पाहायचे तर गोव्याला ऐतिहासिक ओळखीचा एक मार्ग आहे. पोर्तुगाल म्हटले की दोरूच्या तापलेल्या उतारांवरची पोर्ट आठवते. पण त्याच देशाच्या वायव्य कोपऱ्यात, अटलांटिकच्या पावसाने भिजणाऱ्या मिन्यो भागात, व्हिन्यो व्हेर्द ही पांढरी वाइन होते. १९०८ साली तिचा प्रदेश अधिकृतरीत्या आखला गेला. ‘व्हेर्द’ म्हणजे हिरवी, येथे अर्थ कोवळी. मद्यार्क कमी, बहुधा थोडा फसफसणारा स्पर्श आणि दात शिवशिवतील असा आंबटपणा. उष्ण समजल्या जाणाऱ्या देशातील हा अनपेक्षित थंड कोपरा. तिचा आणि नाशिकच्या कोरड्या सॉव्हिन्यॉचा पेला शेजारी ठेवले की फरक शब्दांवाचून कळतो. मिन्योच्या वाइनमध्ये आम्ल सरळ आणि एकसुरी, फळ मागे. नाशिकच्या वाइनमध्ये फळ पुढे, अंग भरीव, आणि आम्ल दुपारच्या उन्हाने थोडे मऊ झालेले. तिसऱ्यांच्या सुक्याबरोबर व्हिन्यो व्हेर्द अधिक शोभेल. कोथिंबीर, आले, हिरवी मिरची घातलेल्या काफ्रेआलपुढे मात्र नाशिकचा हिरवा वास बाजी मारतो.

बाटलीवरील सालाबद्दलही एक खुलासा हवा. भारतातील द्राक्षे जानेवारी-मार्चमध्ये उतरतात, युरोपातील सप्टेंबरच्या आसपास. म्हणून एकाच सालाची नाशिकची बाटली युरोपच्या बाटलीपेक्षा सहा-सात महिन्यांनी जुनी असते. नाशिकच्या सॉव्हिन्यॉ आणि शेनिन मुरवत ठेवण्याच्या वाइन नाहीत. वर्ष-दोन वर्षांत प्याव्यात. सवलतीत मिळणारी चार वर्षांपूर्वीची पांढरी बाटली ही सवलत नसते.

मळ्यातला हिशेब

या चवीमागे शेतकऱ्याचा एक कठीण निर्णय असतो. चांगल्या वाइनसाठी वेलीवर घड कमी ठेवावे लागतात. खाण्याच्या द्राक्षांच्या तुलनेत एकरी उत्पन्न पुष्कळ घटते. वाइनची द्राक्षे बाजार समितीत किंवा हातगाडीवर विकता येत नाहीत : मणी लहान, बिया मोठ्या, साल जाड. वायनरीने उचलली नाहीत तर त्यांना दुसरे गिऱ्हाईक नाही. २००८-०९ च्या मंदीत नेमके हेच घडले. वाइनची मागणी घसरली, टाक्या भरलेल्या राहिल्या, आणि अनेक बागाईतदारांनी वाइनच्या वेली काढून पुन्हा खाण्याची द्राक्षे धरली. वेल लावल्यापासून चांगले पीक यायला दोन-तीन वर्षे जातात, तेव्हा असा निर्णय फिरवणे स्वस्त नसते.

आता हवामानाची भर पडली आहे. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील गारपिटीने महाराष्ट्रातील उभ्या पिकांची, द्राक्षांसह, मोठी हानी केली. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस निफाड परिसरात गारा पडल्या त्या फळछाटणीनंतर, घड कोवळे असताना. गारांपासून जाळीचे आच्छादन काही प्रमाणात वाचवते; उबदार रात्रीवर आच्छादन नाही. किमान तापमान दोन अंशांनी वर राहिले तर द्राक्षे दिसायला तशीच दिसतील, ब्रिक्सही भरेल, पण मॅलिक आम्ल झाडावरच संपलेले असेल. पुण्याजवळ मांजरी येथे १९९७ साली स्थापन झालेले राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र वाण, खुंट आणि छाटणी यांवर काम करते. डॉगरिजसारख्या खुंटांवर कलम करून क्षारयुक्त पाणी आणि अवर्षण यांना तोंड देण्याची रीत बागाईतदारांत रुजलेलीच आहे. वायनऱ्या आपल्या परीने तोडणी पहाटे, मणी गार असताना करतात आणि रस पोलादी टाक्यांत थंड राखून सावकाश आंबवतात. काही बागा तोडणीचा दिवस अलीकडे आणतात, आणि तेव्हा ढोबळी मिरचीचा वास वाढतो.

हैदराबादच्या भोवतालचे अनाब-ए-शाहीचे बरेच मळे वाढत्या शहराखाली गेले. नाशिकचे शहरही गंगापूर आणि दिंडोरीच्या रस्त्यांनी पसरत आहे. तेथील जमिनीचा भाव आणि जानेवारीच्या रात्रीचा पारा, या दोन आकड्यांवर पुढील काही वर्षांतील नाशिकच्या पांढऱ्या वाइनची चव अवलंबून राहील.